मोकळा नकाशा आणि त्याचा मागचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय नकाशांचा इतिहास हा आहे. परंतु त्याचा आरंभ मी एका अगदीं अलीकडच्या गोष्टीपासून करणार आहे. संगणकावर नकाशे तयार करण्याच्या ज्या मुक्त आज्ञावली आज कोणासही विनामूल्य मिळतात, त्यांपैकीं ‘क्यूजीआयएस’ हिचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. बाहेरून मिळविलेली माहिती, मग ती गांवांच्या शिवांची असो, नद्यांची असो वा विहिरींची असो, या आज्ञावलींत उतरवून घेतां येते, व एकीवर एक असे थर रचून नकाशा सिद्ध होतो. मात्र माहितीबरोबर तिची ओळख आलेली नसेल, तर प्रथम एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें : हे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापाला धरून काढलेले आहेत ? उत्तर निवडण्यासाठीं हजारों नांवांची एक यादी पुढें येते. त्या यादींत शोध घेतला असतां ‘कल्याणपूर १८८०’, ‘कल्याणपूर १९३७’, ‘कल्याणपूर १९६२’ व ‘कल्याणपूर १९७५’ अशीं चार नांवें सांपडतात, आणि त्यांच्या पोटांत ‘एव्हरेस्ट’ हें नांव आढळतें.

कल्याणपूर हें मध्य प्रदेशांत सिरोंजजवळचें एक लहानसें ठिकाण. जगांतील सर्व देशांच्या मापांच्या यादींत तें कसें जाऊन बसलें, हें समजून घेतल्याखेरीज आपल्या देशाच्या नकाशाची माहिती नीट उतरवितां येत नाहीं, असा माझा अनुभव आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि जन्मभर मुलांना भूगोल शिकविलेला मनुष्य आहें. तेव्हां संगणकशास्त्राचें पांडित्य माझ्यापाशीं नाहीं. परंतु या यादीमागील इतिहास मात्र कोणत्याही भूगोल-शिक्षकाच्या आटोक्यांतला आहे.

१८०२ सालच्या एप्रिल महिन्याच्या १० तारखेस मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट या टेकडीपाशीं विल्यम लॅम्टन यानें एक रेषा मोजावयास घेतली. तिची लांबी अवघी साडेसात मैल. ती मोजण्यास त्याला ५७ दिवस लागले. पोलादाची साखळी उन्हानें वाढते, म्हणून ती लांकडी पेटींत ठेवून, पेटी तिवयांवर समतल करून, शेजारीं उष्णतामापक ठेवून प्रत्येक वेळीं तिची वाढ हिशेबांत धरावयाची, अशी ती रीत होती. एवढा खटाटोप कशासाठीं ? तर त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले, म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणितानें निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात, आणि अशा रीतीनें साखळी जमिनीवर पुन्हा न टाकतां कोन मोजीत मोजीत शेंकडों मैल जातां येतें. पहिल्या बाजूंत वीतभर चूक राहिली, तर ती सबंध देशभर वाढत जावयाची. आमच्या वेळच्या क्रमिक पुस्तकांत या कामाला दोन ओळी मिळत. पन्नास पानें मिळावींत अशा योग्यतेचें तें काम आहे.

कोन मोजण्याचें यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, वजनानें सुमारें अर्धा टन होतें. तें विलायतेहून येत असतां तें जहाज फ्रेंचांनीं पकडलें. यंत्र मॉरिशसला गेलें, आणि शास्त्रीय उपयोगाची वस्तु म्हणून फ्रेंच अधिकाऱ्यांनीं तें सन्मानपूर्वक परत पाठविलें. दोन राष्ट्रांत युद्ध चालूं असतां घडलेली ही गोष्ट आहे. पुढें १८०८ मध्यें तंजावरच्या देवालयाच्या शिखरावर तें चढवितांना दोर तुटला व यंत्र भिंतीवर आदळलें. लॅम्टननें तंबूचें दार बंद करून घेतलें, आणि सहा आठवडे खपून वांकलेलें वर्तुळ पुनः आकाराला आणलें. हा मनुष्य २० जानेवारी १८२३ रोजीं आपल्या वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट येथें, कामावर असतांनाच वारला. त्याची कबर तेथेंच आहे. विदर्भांतील किती शाळांच्या सहली तेथें जातात, हें विचारण्याचा मोह आवरतों.

त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट आला. त्यानें १८३० सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला या अक्षांशांमधील चापाचें मोजमाप दिलें आहे. या चापाचें दक्षिण टोंक बीदरजवळील दमरगिडा, आणि उत्तर टोंक म्हणजेच आपलें कल्याणपूर. या व इतर मापांवरून त्यानें पृथ्वीच्या आकाराचे आंकडे काढले. पृथ्वी नारळासारखी वाटोळी नसून ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे हें तेव्हां सर्वमान्य होतें. प्रश्न होता तो किती चपटी याचा. एव्हरेस्टचें उत्तर हिंदुस्थानच्या भूमीला चांगलें जुळणारें होतें, आणि पुढें हिंदुस्थानचे नकाशे त्याच आंकड्यांवर काढले गेले. या कामांत केवळ साहेबच होते असें समजूं नये. यंत्रें दुरुस्त करणारा अर्काटचा मीर मोहसीन हुसेन, आणि गणित करणारा बंगालचा राधानाथ सिकदार हे एव्हरेस्टच्याच खात्यांतले. पंधरा क्रमांकाच्या शिखराची उंची सिकदारनें १८५२ मध्यें गणितानें काढली. शिखराला नांव मात्र साहेबाचें मिळालें. डोंगर चढून यंत्रें वाहणाऱ्या आणि तापानें मेलेल्या खलाशांचीं नांवें तर कोणत्याच नकाशावर नाहींत.

आतां हा इतिहास संगणकांत कोठें नडतो तें पाहूं. अमेरिकेनें उपग्रहांच्या साहाय्यानें १९८४ सालीं सबंध पृथ्वीसाठीं एक माप ठरविलें. त्याला ‘डब्ल्यूजीएस ८४’ म्हणतात. आपल्या खिशांतील फोन जे अक्षांश-रेखांश दाखवितो ते या मापाचे. त्यांत पृथ्वीची विषुववृत्तावरील त्रिज्या एव्हरेस्टच्या आंकड्यापेक्षां सुमारें ८६० मीटरांनीं अधिक आहे, आणि मध्यबिंदूही निराळ्या ठिकाणीं आहे. परिणाम असा कीं, जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे नव्या मापाचे म्हणून उतरविले, तर आपल्या महाराष्ट्रांत प्रत्येक वस्तु शंभर मीटरांहून अधिक सरकते. शंभर मीटर म्हणजे कांहीं फार नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु तेवढ्यांत नदीकांठचें देऊळ पात्रांत जातें, आणि एकाची विहीर दुसऱ्याच्या शेतांत जाऊन पडते.

मग कल्याणपूर एकच असतां नांवें चार कां ? याचें एक कारण मोठें मजेचें आहे. एव्हरेस्टचा आंकडा फुटांत होता, आणि तो फूटही हिंदुस्थानांत वापरला जाणारा खास फूट. पुढें त्याचे मीटर करतांना निरनिराळ्या काळीं फुटाची किंमत निरनिराळी धरली गेली. त्यामुळें एकाच त्रिज्येचे जे निरनिराळे आंकडे निघाले त्यांत सुमारें पंचवीस मीटरांपर्यंत अंतर आहे. म्हणून नकाशा कोणत्या सालचा हें पाहूनच यादींतलें नांव निवडावें लागतें.

याहूनही जुना एक घोळ आहे, आणि जे कोणी एकोणिसाव्या शतकांतील नकाशे संगणकावर आणूं इच्छितात त्यांना तो हटकून भेटतो. हिंदुस्थानचे सर्व रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून मोजलेले होते. ही वेधशाळा १७९२ सालची. तिचा स्वतःचा रेखांश प्रथम गुरूच्या चंद्रांचीं ग्रहणें पाहून ठरविला गेला, कारण अशा ग्रहणांवरून दूरच्या दोन ठिकाणांच्या घड्याळांचा मेळ घालतां येई. पुढें विजेच्या तारायंत्रानें वेळ क्षणांत कळूं लागली, आणि असें दिसून आलें कीं, नकाशांसाठीं धरलेला मद्रासचा रेखांश सुमारें अडीच कलांनीं अधिक आहे. मद्रास सरकलें म्हणजे सारा हिंदुस्थान सरकला ! आपल्या अक्षांशांवर अडीच कला म्हणजे चार किलोमीटरांहून अधिक अंतर. म्हणून त्या काळच्या कित्येक नकाशांच्या समासांत बारीक अक्षरांत ‘रेखांशांतून इतकें वजा करावें’ अशी सूचना छापलेली असते. नकाशाची छायाप्रत घेतांना समास कापून टाकण्याची जी संवय आपल्या लोकांत आहे, तिनें ही सूचनाच नाहींशी होते, आणि मग आज्ञावलीला दोष दिला जातो.

येथवर माप झालें. आतां मालकीचा विचार करूं, कारण माहिती शोधणाऱ्याला पहिली भिंत आडवी येते ती मालकीचीच.

भारतीय सर्वेक्षण खातें १७६७ पासूनचें. त्याचे तपशीलवार नकाशे हे जगांतील उत्तम नकाशांपैकीं समजले जात. पण किनाऱ्यालगतच्या व सरहद्दीजवळच्या पट्ट्याचे नकाशे संरक्षणाच्या कारणानें निर्बंधित होते. सबंध कोंकण त्या पट्ट्यांत येतें. मी कोंकणांतील शाळेंत असतांना आमच्या तालुक्याचा नकाशा वर्गांत लावण्यासाठीं मागावयास एका कार्यालयांत गेलों होतों. तेथील गृहस्थांनीं मला सौजन्यानें बसविलें, चहा दिला, आणि नकाशा तेवढा दिला नाहीं. मुलें ज्या खाडींत पोहत, तिचा आकार त्यांच्या शिक्षकाला पाहतां येऊं नये, हें तेव्हांही मला पटलें नाहीं व आजही पटत नाहीं. शत्रूपासून लपविण्यासारखें त्यांत काय होतें, हा प्रश्न वेगळा. पण आकाशांतून उपग्रह फिरूं लागल्यावर तो शत्रूपासून लपत नव्हता, फक्त आमच्यापासून लपत होता.

ही स्थिति केवळ आपल्याकडेच होती असें नाहीं. इंग्लंडांत नकाशे निर्बंधित नव्हते, तरी सरकारी नकाशाची माहिती विकत घ्यावी लागे व तिच्या पुनरुपयोगावर कडक बंधनें असत. त्याला कंटाळून स्टीव्ह कोस्ट नांवाच्या तरुणानें २००४ सालीं लंडन येथें ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या उद्योगास आरंभ केला. लोकांनीं जीपीएस यंत्र घेऊन रस्त्यांनीं हिंडावें, आपली वाट नोंदवावी, आणि नकाशा सर्वांचा असावा, अशी ती कल्पना. हें चार वर्षें आधीं करावयाचें म्हटलें असतें तर जमलें नसतें. कारण नागरी उपयोगासाठीं मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतांत अमेरिकेनें मुद्दाम चूक मिसळून ठेविलेली असे, ती २ मे २००० रोजीं काढून टाकण्यांत आली. त्यापूर्वीं यंत्र शंभर मीटरांपर्यंत चुकूं शके. तात्पर्य, ज्याला आज आपण लोकांचा नकाशा म्हणतों, तोही एका सरकारनें एक कळ फिरविल्यामुळें शक्य झाला.

या नकाशाची खरी कसोटी १२ जानेवारी २०१० नंतर लागली. हैती देशांत भयंकर भूकंप झाला, आणि पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशाच कोणापाशीं नव्हता. देशोदेशींच्या शेंकडों लोकांनीं घरीं बसून, त्यासाठीं खुल्या केलेल्या उपग्रहचित्रांवरून, रस्ते व इमारती रेखाटल्या, आणि थोड्याच दिवसांत मदतीस गेलेलीं पथकें तो नकाशा आपल्या यंत्रांत उतरवून वापरूं लागलीं.

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षणाची व एक सर्वांसाठीं खुली. खुली मालिका ‘डब्ल्यूजीएस ८४’ या मापावर काढावयाची ठरली. तिच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें ‘ओएसएम’ अशींच होतात, व ओपनस्ट्रीटमॅपचींही तींच. त्यामुळें आजही नवशिके या दोहोंची गल्लत करतात. २०१६ मध्यें मात्र वारें उलटें फिरल्यासारखें झालें. परवानगीवांचून नकाशाविषयक माहिती बाळगणाऱ्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड व सात वर्षांपर्यंत कैद सुचविणारा एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि त्याचा कायदा झाला नाहीं. २०१७ सालीं खात्यानें आपले सुमारें तीन हजार नकाशे संकेतस्थळावरून विनामूल्य देण्यास आरंभ केला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीं भारतीयांना नकाशाची माहिती गोळा करण्यास व प्रसिद्ध करण्यास पूर्वपरवानगीची अट उरली नाहीं. आणि २०२२ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय धोरणही जाहीर झालें. पंचवीस वर्षांपूर्वीं चहा पिऊन परत आलेल्या माणसाला हा बदल केवढा वाटतो, हें तरुण श्रोत्यांना कळणार नाहीं.

माहिती मोकळी झाली, पण ती वाचणारी आज्ञावलीही मोकळी हवी. तिचा इतिहास थोडक्यांत सांगतों. अमेरिकन सैन्याच्या बांधकाम-संशोधन शाळेंत १९८२ च्या सुमारास ‘ग्रास’ नांवाची आज्ञावली तयार होऊं लागली. लष्कराच्या ताब्यांतील जमिनींची देखभाल करणें हा तिचा उद्देश. नकाशाचें एक माप दुसऱ्या मापांत बदलणारी ‘प्रोज’ ही आज्ञावली त्याच देशाच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यांतील जेराल्ड एव्हेंडेन यानें लिहिली. नाना प्रकारच्या नकाशा-फाइली वाचणारी ‘जीडॅल’ ही कॅनडाच्या फ्रँक वॉर्मरडॅम यानें १९९८ पासून घडविली. आणि अलास्कांत राहणाऱ्या गॅरी शर्मन यानें २००२ सालीं क्यूजीआयएसचा आरंभ केला. त्याची पहिली आवृत्ति केवळ एकाच प्रकारच्या माहितीकोशांतील नकाशे दाखवूं शकत असे. आज ती जें कांहीं वाचते त्यांतील बहुतेक भाग जीडॅलच्या जोरावर. उताराचा दगड एकानें बसवावा, चाकाचा आंस दुसऱ्यानें करावा, आणि मोट तिसऱ्यानें हांकावी, तसा हा प्रकार आहे.

आकाशांतून मिळालेल्या माहितींपैकीं दोनच सांगतों. २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एंडेव्हर’ हें अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरलें. त्याच्या बाजूला ६० मीटर लांबीचा दांडा काढून दोन ठिकाणीं रडार लाविलें होतें. दोन डोळ्यांनीं जसें आपणांस अंतर कळतें, तशी त्या दोन रडारांवरून भूमीची उंची कळली, आणि ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यांतील जवळ जवळ सर्व भूभाग मोजला गेला. प्रथम अमेरिकेबाहेरच्या प्रदेशासाठीं दर ९० मीटरांवर एक उंची मिळे. २०१४ पासून ती ३० मीटरांवर मिळूं लागली. ही माहिती उतरवितांना एक सांवधगिरी बाळगावी लागते. उभ्या कड्यांआड रडाराला जें दिसलें नाहीं, तेथें मूळ फाइलींत उणें ३२७६८ हा आंकडा भरलेला असतो. त्याचा अर्थ ‘माहिती नाहीं’ एवढाच. तो तसा सांगितला नाहीं, तर आज्ञावली बिचारी डोंगराच्या पोटांत बत्तीस किलोमीटर खोल खड्डा दाखविते. दुसरी माहिती लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांची. १९७२ पासूनचीं हीं चित्रें पूर्वीं विकत मिळत. २००८ मध्यें अमेरिकेनें तीं विनामूल्य करण्याचें ठरविलें, आणि आपल्या गांवाभोंवतालचें रान चाळीस-पन्नास वर्षांत कसें पालटलें, हें पाहण्याची सोय खेड्यांतल्या विद्यार्थ्यालाही झाली.

आतां प्रत्यक्ष उतरविण्याविषयीं. ‘शेपफाइल’ हा प्रकार अमेरिकेंतील एस्री कंपनीचा. त्याची घडण तिनें १९९८ सालीं छापून प्रसिद्ध केली, म्हणून तो सर्वत्र पसरला. नांव एकवचनी असलें तरी हें एक कुटुंब आहे. एका फाइलींत आकार, दुसरींत अनुक्रम, तिसरींत तक्ता, आणि चौथींत मापाची ओळख असते. ‘प्रज’ म्हणतात ती ही चौथी फाइल मागें राहिली, कीं आरंभीं सांगितलेला तो प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी एकच फाइल एकमेकांस पाठवितात आणि उघडत नाहीं म्हणून तक्रार करतात; वरात निघाली आणि नवरदेवच तेवढा गाडींत बसविला, तसें तें होतें. शिवाय या प्रकारांत रकान्याच्या नांवाला दहाच जागा असतात. देवनागरी चिन्हाला युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत तीन जागा लागतात. म्हणजे मराठींत रकान्याचें नांव तीन चिन्हांचें! अनुस्वार गाळून ‘गाव’ लिहिलें तरच तें कसेंबसें बसतें. ‘तालुका’ बसत नाहीं. ‘जिओपॅकेज’ या नव्या प्रकारांत ही अडचण नाहीं, म्हणून मराठी माहितीसाठीं मी तोच सुचवीन.

साध्या तक्त्याच्या, म्हणजे सीएसव्ही फाइलीच्या, खोड्या निराळ्या. आपण बोलतांना अक्षांश आधीं व रेखांश मागून म्हणतों. आज्ञावली आडवें माप आधीं व उभें मागून मागते, म्हणजे रेखांश आधीं. ही अदलाबदल झाली, तर साताऱ्याचीं गांवें नॉर्वेच्याही उत्तरेस, बर्फाळ समुद्रांत, अस्वलबेटाच्या शेजारीं जाऊन पडतात. आणि ज्या ओळींतील आंकड्यांच्या जागीं शून्यें भरलेलीं असतील, तीं गांवें आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातांत, विषुववृत्त व शून्य रेखांश मिळतात तेथें, गोळा होतात. जुन्या गॅझेटियरांतून अंश-कला घेतल्या असतील, तर कलांना साठांनीं भागून दशांश करावयाचा. १८ अंश ३० कला म्हणजे १८·३० नव्हे, १८·५०.

सर्वांत अवघड काम मात्र गांवनकाशाचें. आपल्या मुंबई इलाख्यांत जमिनीची मोजणी गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि ३३ फूट लांब-रुंद चौकोनाचा एक गुंठा. हें माप आजही आपल्या बोलण्यांत आहे. शेताचा बांध न् बांध मोजणाऱ्या या नकाशांवर अक्षांश-रेखांश मात्र नाहींत. सारा वसूल करणाऱ्यास शेत कोणाचें व केवढें एवढेंच हवें होतें. तें पृथ्वीवर कोठें आहे, याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. लॅम्टनचें खातें एकीकडे आकाशाकडे पाहून मोजीत होतें, आणि मोजणीदार दुसरीकडे बांधावर उभा राहून मोजीत होता. दोघांची गांठ क्वचितच पडली. आज ती गांठ आपणांस संगणकांत घालावी लागते. नकाशाची प्रत घेऊन तीवरील ज्या खुणा आजही जागेवर आहेत, जसे तीन गांवांच्या शिवा मिळतात तेथील दगड, जुनी विहीर, देवळाचा कोपरा, त्या उपग्रहचित्रावर ओळखावयाच्या, आणि दोहोंची जोडी लावून द्यावयाची. चार खुणांवर काम भागतें, पण आठ-दहा घ्याव्यात व त्या नकाशाभर पसरलेल्या असाव्यात. कागद दीडशें वर्षांत सर्व दिशांनीं सारखा आकसलेला नसतो.

इतकें करूनही एक वस्तु त्या नकाशावर सांपडत नाहीं, आणि ती म्हणजे वाडी. सरकारी हिशेबाचा घटक महसुली गांव हा आहे. जनगणनेचे आंकडे गांवाचे मिळतात, शिवा गांवाच्या मिळतात. कोंकणांत व सह्याद्रीच्या कुशींत माणसें मात्र वाड्यांत राहतात. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण येथें डोंगर खचून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळीये येथें तीच गत झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. डोंगराचा उतार किती, हें एंडेव्हरच्या आंकड्यांवरून आज घरीं बसून काढतां येतें. पाऊस किती पडला तें कळतें. रस्ता कोठवर जातो तें दिसतें. त्या उताराखालीं घरें किती, आणि रात्रीं बाहेर पडण्याची पायवाट कोणती, हा थर मात्र कोठूनही आयता उतरवून घेतां येत नाहीं. तो वाडींतल्यांनींच तयार केला पाहिजे.

त्यासाठीं लागतें तें असें. फोनवर अक्षांश-रेखांश दाखविणारी सोय. मोकळें आकाश, कारण दाट झाडीखालीं किंवा कड्याला लागून उभें राहिल्यास आंकडा ढळतो. आणि एक वही. दर वाडीला एक ओळ : वाडीचें नांव तेथील लोक उच्चारतात तसें, महसुली गांव, रेखांश, अक्षांश, घरें, पायवाट कोठून निघते, नोंदीची तारीख. दशांशाचीं पांच स्थळें पुरेत. त्यापुढचे आंकडे फोन दाखवितो, पण त्यांत तथ्य नसतें. तक्ता युनिकोडमध्यें जतन करावा, नाहींतर नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात. उतरवितांना माप ‘डब्ल्यूजीएस ८४’, म्हणजे यादींतील क्रमांक ४३२६, निवडावें. फोनचे आंकडे त्याच मापाचे असल्यामुळें येथें कल्याणपूरचें काम नाहीं. बिंदू जागेवर पडले कीं नाहींत हें पाहण्यास उपग्रहचित्र खालीं घालावें, आणि पहिली वाडी आपल्या घरावर पडली म्हणजे पुढच्यांकडे वळावें.